पहिल्या ओळीचा मान

"कालपर्यंत चालत होतं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. बोलणारा प्राध्यापक असो, विद्यार्थी असो, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने आलेला बागायतदार असो, वाक्य तेच. त्यात खोटं काहीच नसतं. काल खरंच चालत होतं. ते चालून काय करत होतं, एवढंच कुणी पाहिलेलं नसतं.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, विज्ञान विभागाच्या गणकयंत्र प्रयोगशाळेत मी सहायक होतो. 'गणकयंत्र' हा शब्द फक्त दारावरच्या पाटीवर होता. बाकी सगळे 'भाटकरांची लॅब' म्हणत. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो असा गावाचा समज होता, त्यामुळे आळीतल्या लोकांनी मला प्रिंटर, इस्त्री आणि एकदा मिक्सरही आणून दाखवला. मिक्सर मी दुरुस्त करून दिला, पण ते माझं काम नव्हे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुकीच्या जागी पडलेली फंक्शनं हुडकायची आणि ती जागच्या जागी ठेवायची, हे माझं काम. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोला हे समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घरात जे तुम्ही कधी करत नाही, ते."

फंक्शन म्हणजे काय, हे ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाककृतीत 'वाटण घाला' असं लिहिलेलं असतं. वाटण कसं करायचं हे एकदा वेगळं लिहून ठेवलं, की पुढे दहा ठिकाणी नुसतं 'वाटण घाला' म्हटलं तरी भागतं. त्या वेगळ्या लिहिलेल्या मजकुराला फंक्शन म्हणायचं. आता घरातली बाई वाटणाची कृती कागदावर कुठेही सापडली तरी चालवून घेते, न सापडली तरी चालवून घेते. यंत्राला ती अक्कल नाही. त्याला कृती ठरलेल्या जागी लागते. नाही मिळाली तर ते लाल अक्षरांत 'असं काही मला माहीत नाही' म्हणून बसून राहतं, आणि मग माणूस माझ्याकडे येतो.

आरे-वारेच्या रस्त्याला बाग असलेले एक काका एकदा आले. पुण्यातल्या भाच्याने त्यांना हापूस कधी उतरवायचा हे तापमानावरून सांगणारा प्रोग्राम करून पाठवला होता. पाठवला होता व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइल या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत फिरत आली, आणि तिच्या नावापुढे कंसात दोन असा आकडा चिकटला. वेगळ्या फाइलीत ठेवलेल्या फंक्शनला ज्या नावाने हाक मारतात, तेच त्या फाइलीचं नाव असावं लागतं. कंसातला आकडा लागल्यावर हाकेला ओ देणारं कुणी उरलं नाही. मी आकडा काढला आणि प्रोग्राम चालला. यंत्राने एक तारीख दिली. काकांनी ती वाचली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "हो का? त्याच्या आधी आठ दिवस उतरवून झालाय आमचा." तरीही प्रोग्राम चालू झाल्याचं त्यांना फार समाधान वाटलं.

माशांच्या वाढीवर काम करणाऱ्या एका मुलीने एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात लिहून ठेवलं होतं. आतलं बाहेरच्याला दिसेना. तीन दिवस ती शोधत होती. मी दोन मिनिटांत बाहेर काढून दिलं. तिने विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, सवय. खरं कारण असं, की आदल्याच दिवशी एकाने हेच केलं होतं. पण नोकरीत थोडा मान राखावा लागतो.

आता मानाचा विषय निघालाच आहे, तर मुख्य हकिकतीकडे येतो. ती सांगायची की नाही, यावर मी बराच विचार केला. तिच्यात माझीही चूक आहे.

आमच्या विभागात पूर्वी एक महागडी गणिती प्रणाली होती. तिचा दंडक असा, की सगळी फंक्शनं फाइलच्या शेवटी हवीत. मुलं ती वर लिहीत आणि लाल अक्षरं घेऊन माझ्याकडे येत. कंटाळून मी एक नोटीस केली, 'फंक्शन नेहमी फाइलच्या शेवटी लिहावे', आणि लॅमिनेट करून फळ्याशेजारी लावली. पुढे त्या प्रणालीचा परवाना संपला आणि फुकट मिळणारी दुसरी प्रणाली आली. हिची रीत उलटी. ही फाइल वरून खाली वाचत जाते. जे अजून वाचलं नाही ते तिला ठाऊक नसतं. म्हणून फंक्शन त्याला हाक मारण्याच्या आधी, म्हणजे वर हवं. मी मुलांना तोंडी सांगितलं. नोटीस काढली नाही. लॅमिनेट केलेली वस्तू काढून टाकणं आमच्या घराण्यात नाही.

विभागात दुसरी एक रीत होती, ती कुणी लिहून लावलेली नव्हती. आमचे विभागप्रमुख लिमये सर. पावसाचं पाणी जमिनीत किती मुरतं आणि विहिरीत किती दिवस टिकतं, हा त्यांचा विषय. पाणी मुरण्याचं एक फंक्शन त्यांनी तरुणपणी लिहिलं होतं. चाळीसेक ओळींचं, डोक्यावर त्यांचं नाव. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा प्रत्येक जण आपली फाइल त्या फंक्शनने सुरू करी. कामाला लागो न लागो, सरांचं फंक्शन पहिलं. आमच्याकडे शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारात जाते यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, तिथे फाइलच्या पहिल्या ओळीचा मान कुणाचा याबद्दल कुणाला शंका येणं शक्यच नव्हतं. सरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. नको असंही कधी म्हटलं नव्हतं.

मनीषा गोताड ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. संगमेश्वराच्या आतल्या अंगाला, कातळावरच्या एका वाडीतली. भाऊ मुंबईला, घरी आई-वडील आणि भाताची थोडी जमीन. मुलगी बोलायला कमी. वाडीच्या सहा विहिरींचं पाणी सहा वर्षं, दर रविवारी मोजायचं, असं तिने ठरवलं. ती रत्नागिरीत असे तेव्हा तिची आई मोजी, दोराला दगड बांधून. आकडे आई वहीत लिही आणि वही एसटीतून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवी.

मनीषाचं म्हणणं असं होतं, की कातळाला भेगा असतात, त्यातून पाणी लवकर निसटतं, आणि सरांच्या फंक्शनमध्ये भेगा नाहीत. सरांना ती घाबरत घाबरत म्हणाली, "भेगा धरून एक करून बघू का?" सर म्हणाले, "कर की. नाव तेच ठेव, म्हणजे बाकीचा प्रोग्राम बदलायला नको." हे त्यांनी सरळ मनाने सांगितलं होतं.

तिने तसं केलं. प्रोग्राम चालला, लाल अक्षर एकही नाही. उत्तर आलं ते सरांच्या जुन्या उत्तराइतकंच. विहिरींना मे महिन्याच्या मध्यापर्यंत पाणी. भेगा धरल्या काय, न धरल्या काय, फरक शून्य. आईच्या वहीतले आकडे याच्याशी जुळत नव्हते, पण ते दोर-दगडाच्या मोजणीमुळे असेल, असं तिने धरलं. सर म्हणाले, "ठीक आहे. फरक पडत नाही, हाही निष्कर्षच आहे. लिहून टाक."

प्रबंध बांधायला द्यायच्या आदल्या आठवड्यात ती लॅबमध्ये आली. आलेखाची छापील प्रत हवी होती. मी म्हटलं, दोन आलेख आहेत ना, सरांच्या फंक्शनचा आणि तुझ्या फंक्शनचा? मग रेषा एकच कशी?

"दोन आहेत काका. एकीखाली एक आहे."

"इतकी तंतोतंत?"

"हो." मग म्हणाली, "सहा वर्षं आईला उगीच विहिरीवर पाठवलं मी."

ती रडली वगैरे नाही. पण ते वाक्य तिने ज्या आवाजात म्हटलं, तो ऐकून मी छपाई थांबवली. हे सगळं सोडून गावी शाळेत लागायचं तिच्या मनात होतं, असं तिने नंतर सांगितलं.

मला ती एकच रेषा पटेना. पत्रिका जुळवून लग्न केलं तर आमचे छत्तीसपैकी एकोणीस गुण जुळले. निसर्गात दोन गोष्टी चौथ्या दशांशापर्यंत जुळत नाहीत. मी म्हटलं, फाइल उघड.

पहिल्या ओळीवर सरांचं फंक्शन, नावासकट. मग सगळी गणितं. आणि अगदी तळाला, शेवटच्या ओळींत, तिचं फंक्शन.

"हे खाली का लिहिलंस?"

तिने फळ्याशेजारी बोट दाखवलं.

तिथे माझीच नोटीस होती. तरी खात्री करायला हवी होती. आमच्या धंद्यात याला जुना उपाय आहे. फंक्शनच्या पोटात एक ओळ घालायची, की कामाला लागलं की स्वतःचं नाव सांग. सरांच्या फंक्शनमध्ये मी लिहिलं 'लिमये आले'. तिच्यात लिहिलं 'मनीषा आली'. प्रोग्राम चालवला. पडदा वरून खालपर्यंत भरून गेला. लिमये आले, लिमये आले, लिमये आले. मी शेवटपर्यंत खाली सरकत गेलो. मनीषा कुठेच आली नव्हती.

झालं होतं ते असं. यंत्र वरून वाचत आलं. त्याला सरांची कृती पहिल्या ओळीलाच मिळाली. पुढे जिथे जिथे ते नाव आलं, तिथे त्याने ती वापरली. सगळं गणित संपल्यावर तळाशी मनीषाची कृती सापडली, तेव्हा करायला काही शिल्लकच नव्हतं. वर सरांचं फंक्शन नसतं तर यंत्र अडलं असतं, लाल अक्षरं आली असती, मनीषा त्याच दिवशी माझ्याकडे धावत आली असती आणि मी दोन मिनिटांत दुरुस्त करून दिलं असतं. मानाने ठेवलेलं फंक्शन प्रत्येक हाकेला ओ देत राहिलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आणि तिचं तळाला गेलं ते माझ्या नोटिशीमुळे.

मी तिचं फंक्शन उचलून वर आणलं, सरांच्या खाली पण गणितांच्या आधी. एकाच नावाच्या दोन कृती मिळाल्या तर ही प्रणाली नंतरची धरते. पुन्हा चालवलं. पडदाभर 'मनीषा आली' उमटलं. मग आलेख काढला. मार्चपर्यंत दोन्ही रेषा बरोबरीने चालल्या, आणि मग तिची रेषा सुटून खाली उतरली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती तळाला टेकली. आईच्या वहीतले आकडे त्यावर ठिपक्यांनी मांडले, तर ते तिच्या रेषेच्या आजूबाजूला पडले.

मनीषाने तिथूनच आईला फोन लावला. आई कानाने थोडी कमी, म्हणून ती मोठ्याने बोले आणि मलाही ऐकू येई.

"आये, यंत्रात पण एप्रिलमध्येच पाणी जातं असं आलं!"

"मंग? तवाच जाता. सा वर्सा मी काय लिवतंय वहीत?"

"होय गो. पण आता सिद्ध झालं."

"बरा झाला. जेवलीस काय?"

फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, की नोटीस माझी होती आणि ती चुकीची होती. ती म्हणाली, "काका, असू दे." मला ते 'असू दे' आजही पुरेसं वाटत नाही. मी खुर्चीवर चढून नोटीस काढली. भिंतीचा थोडा रंग तिच्याबरोबर आला.

आता प्रश्न होता सरांना सांगायचा. मार्गदर्शकाची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही. सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. आणि सांगायचं काय, तर ज्या फंक्शनच्या जिवावर त्यांचं नाव झालं, ते आमच्या कातळावर चालत नाही. मनीषाला एकटीला जायचं नव्हतं. मी तिच्याबरोबर लॅपटॉप धरायला गेलो. लॅपटॉप तिचाच होता आणि तो तिला सहज धरता आला असता.

लिमये सर म्हणजे कडक इस्त्री आणि त्याहून कडक शिस्त. त्यांनी आलेख पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही खालची रेषा कुणाची?"

"माझी सर."

"आणि माझं फंक्शन?"

"ते काढलेलं नाही सर," ती घाईने म्हणाली. "पहिल्याच ओळीला आहे."

"मग चालतंय कुणाचं?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माझं, सर."

सरांनी हात पुढे केला. "वही."

आईची वही त्यांनी पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली. कोपरे दुमडलेली, कुठे कुठे पाण्याचे डाग पडलेली. पंधरा-वीस मिनिटं ते पानं उलटत राहिले. मध्येच एका तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "हा तर पालखीचा दिवस. त्या दिवशीपण मोजलंय?"

"हो सर. आई म्हणाली, पालखी दुपारी येते, विहीर सकाळी मोजून होते."

सरांनी वही मिटली. "मी आठ दिवस मोजलं होतं," ते म्हणाले. "खाडीकाठच्या मळ्यात. आठ दिवस. मग नोकरी लागली."

त्यांच्या तोंडून असं काही मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण लॅपटॉप माझ्या हातात होता.

"मळ्यात ते आजही बरोबर येतं, सर," मनीषा म्हणाली. "मी तपासलंय."

"येत असेल. तू लिहिते आहेस ते कातळावर. यातून माझं काढ."

तिचा हात पुढे होईना. बोट कळीपाशी जाई आणि मागे येई. तेव्हा सरांनी माझ्याकडून लॅपटॉप ओढून घेतला आणि फंक्शनच्या शेवटच्या अक्षरापासून खोडायला सुरुवात केली. एका बोटाने, एकेक अक्षर. चाळीस ओळी होत्या. सगळा मजकूर एकदम निवडून एका फटक्यात काढता येतो, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. अगदी वरची, त्यांच्या नावाची ओळ आली तेव्हा ते क्षणभर थांबले, आणि मग तीही खोडली. प्रबंधावर सही केली. मनीषा पाया पडायला वाकली तर म्हणाले, "आधी आईच्या पड. जा आता, निष्कर्ष बदल आणि बांधायला दे."

ती गेली. मी निघणार, तेवढ्यात सर म्हणाले, "भाटकर, बसा. कातळावरचं काम माझं फंक्शन घेऊन किती जणांनी केलं?"

मला आठवायची गरज नव्हती. प्रत्येकाची फाइल मीच चालती करून दिली होती. लाल अक्षरं गेली की माझं काम संपलं, असं मी जन्मभर मानलं. उत्तर खरं की खोटं, ते बघायला मोठे लोक आहेत, असं म्हणायचो. आज ते लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, "अकरा."

"नंबर आहेत?"

नंबर होते. सरांनी त्याच दुपारी केबिनचं दार लावून घेतलं. मी नंबर सांगत गेलो आणि ते फोन लावत गेले; बंद खोलीत पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. प्रत्येकाला तेच. मी लिमये. माझं फंक्शन कातळावर चुकतं. तुझ्या कामात ते आहे. दुरुस्त करून घे, चूक माझ्या नावाने लिही. कुणी 'बरं सर' म्हणालं, कुणी सरांच्या तब्येतीची चौकशी केली.

सहावा फोन लांज्याकडच्या एका शाळेत हेडमास्तर झालेल्या विद्यार्थ्याला होता. त्याने सरांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाला, "सर, मला तेव्हाच कळलं होतं. त्यातली एक विहीर आमच्या घरची होती. ती एप्रिलात कोरडी पडायची."

"मग बोलला का नाहीस?" सर जवळजवळ ओरडलेच.

पलीकडे शाळेचा गलका चालला होता.

"तुमचं होतं ना, सर."

फोन बंद झाला तरी सरांनी तो कानाला तसाच धरून ठेवला होता. मग ते म्हणाले, "पुढचा नंबर सांगा, भाटकर," आणि मी सांगितला.